आधी छप्पर, मग रंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत स्पेनमधल्या बिघडवलेल्या धार्मिक मूर्तींची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे शेजारी शेजारी छापून आली. खाली दोन ओळींचा मजकूर आणि हसण्याचे आमंत्रण. मी लाकडावरच्या जुन्या रंगकामाच्या जतनाचे काम करते. माझी बरीच वर्षे कॅथलिक वेद्यांच्या मागच्या धुळीत गेली आहेत. ती छायाचित्रे पाहून मला वाईट वाटले. मूर्तींसाठी वाटले, आणि वाचकांसाठीही, कारण त्यांच्यापर्यंत अर्धीच गोष्ट पोहोचली. उरलेली अर्धी सांगावी म्हणून हे पत्र. लांबले तर सांभाळून घ्यावे.

त्यातल्या भडक गुलाबी-हिरव्या मूर्ती अस्तुरियास प्रांतात, तिनेओ भागातल्या एल रान्यादोइरो नावाच्या चिमुकल्या वस्तीच्या. पंधराव्या शतकात लाकडात कोरलेल्या. २०१८ साली तिथल्याच एका दुकानदार बाईंनी त्या रंगवल्या. चोरून नव्हे, धर्मगुरूंची परवानगी घेऊन. मूर्तींना रंगाची गरज आहे असे त्यांना मनापासून वाटत होते आणि शेजाऱ्यांनाही ते काम आवडले होते. त्याआधी साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका जाणकाराने त्याच मूर्तींचे रीतसर जतन केले होते. म्हणजे तज्ज्ञ येऊन गेला होता. तो गेल्यावर मात्र मूर्ती कशा आहेत हे विचारायला कोणी आले नाही, आणि शेवटी ज्या बाईंना त्या रोज दिसत होत्या त्यांनी स्वतःला समजले तसे केले. आपल्या मजकुरात ही मधली पंधरा वर्षे नव्हती. खरी बातमी तिथे आहे.

२०१२ सालचे बोर्खाचे प्रकरणही तसेच. सारागोसा प्रांतातल्या बोर्खा गावाबाहेरच्या मिसेरिकोर्दिया देवस्थानात एलियास गार्सिया मार्तिनेस या चित्रकाराने १९३० मध्ये भिंतीवर काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त रंगवला होता. तो ठीक करायला म्हणून तिथल्याच एका वृद्ध बाईंनी स्वतः ब्रश उचलला आणि ख्रिस्ताचा चेहरा ओळखू येईनासा झाला, ते जगाने पाहिले. पण त्या चित्राचे पोपडे ओलीने सुटत होते आणि ते कित्येक वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर सुटत होते, हे किती जणांनी वाचले? ब्रश उचलणाऱ्या वृद्ध बाईंचा फोटो छापणे सोपे आहे. ओलीचा फोटो कोण छापणार?

ज्या जागांबद्दल मी बोलते आहे त्या वाचकांच्या डोळ्यांपुढे याव्यात म्हणून थोडे सविस्तर लिहिते. स्पेनमध्ये गावाबाहेर, शेताच्या कडेला, टेकाडावर किंवा झऱ्यापाशी एखादे छोटे प्रार्थनामंदिर असते. त्याला एर्मिता म्हणतात. कधी काळी तिथे एकांतवासी साधू राहत असेल. आता बहुतेक ठिकाणी कुलूप असते आणि किल्ली गावातल्या एखाद्या घरी खिळ्याला टांगलेली असते. वर्षातून एकदा-दोनदा, संताच्या सणाला, गाव पायी तिथे जाते, मिस्सा होते, मूर्ती खांद्यावरून मिरवते, बाहेर गवतावर पंगती बसतात. एरवी आत अंधार. त्या अंधारात वेदीच्या मागे, पार आढ्यापर्यंत, लाकडाची एक कोरीव सोनेरी भिंत उभी असते. तिला रेताब्लो म्हणतात. तळाशी आडवी पट्टी, तिच्यात प्रेषितांची किंवा ख्रिस्ताच्या दुःखभोगाची छोटी चित्रे. वर खांबांनी पाडलेले उभे भाग आणि आडवे मजले. मधल्या कोनाड्यात ज्याच्या नावाची एर्मिता तो संत. सर्वांत वर बहुधा क्रुसावरचा ख्रिस्त. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने चित्रे आणि मूर्ती यांच्याद्वारे लोकांना श्रद्धेची शिकवण द्यावी असे ठरवले आणि त्यानंतरच्या दोन शतकांत तिथल्या खेड्यापाड्यांत असे रेताब्लो उभे राहिले. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला ही भिंत वाचता येत असे.

शेतातल्या एर्मितेत एवढी मौल्यवान वस्तू कशी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. काही रेताब्लो तिथल्यासाठीच केलेले असतात. पण पुष्कळदा असे झाले की गावच्या मुख्य चर्चला नव्या पद्धतीचा, पिळदार खांबांचा, द्राक्षांच्या वेलींनी मढवलेला रेताब्लो हवासा वाटला आणि जुना, सोळाव्या शतकातला, गावाबाहेर एर्मितेत पाठवला गेला. त्यामुळे कुलूपबंद एर्मितेत कधी कधी गावातल्या चर्चपेक्षा जुने आणि अव्वल काम सापडते. जे जुनाट म्हणून बाजूला सारले, तेच नेमके राहिले. १७७७ मध्ये राजा तिसरा कार्लोस याच्या सरकारने आगीच्या भीतीने लाकडी रेताब्लो नकोत, दगडाचे किंवा गिलाव्याचे करा, असे फर्मान काढले. एकोणिसाव्या शतकात मठांच्या मालमत्ता जप्त होऊन विकल्या गेल्या. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात असंख्य रेताब्लो जाळले गेले. इतक्यातून निभावून जे उरले, त्यातल्या कितीतरींवर आज कोणाची नजर नाही. सोरियासारख्या प्रांतात चौरस किलोमीटरमागे जेमतेम नऊ माणसे राहतात. किल्ली सांभाळायलाच माणूस उरत नाही, ही तिथली अडचण आहे.

आता त्या सोन्याविषयी. लोकांना वाटते, लाकडावर सोनेरी रंग दिलेला असतो. प्रत्यक्षात तो थरांवर थर देऊन केलेला नाजूक प्रकार आहे. सुतार सांगाडा जोडत असे, मूर्तिकार कोरत असे, आणि सोने व रंग हे तिसऱ्याच कारागिराचे काम. लाकडावर आधी गरम सरसाचा हात, सांध्यांवर सरसात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, मग जिप्सम आणि सरस यांच्या अस्तराचे एकावर एक लेप, प्रत्येक लेप वाळवून घासलेला. त्यावर तांबूस चिकणमातीचा मऊ थर. तो पाण्याने ओलावून त्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि नेमक्या वेळी अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. वेळ चुकली तर वर्ख फाटतो किंवा चकाकत नाही. संताच्या झग्यासाठी त्या घोटलेल्या सोन्यावर अंड्याच्या बलकात कालवलेला निळा किंवा लाल रंग द्यायचा, आणि लाकडाच्या टोकदार काडीने तो रेघांरेघांनी खरवडून खालचे सोने उघडे करायचे. किनखापाचे कापड असे तयार होते. मी भिंगाखाली एका झग्याची कड पाहिली आहे. सलग चाललेल्या बारीक समांतर रेघांमध्ये एके ठिकाणी काडी घसरलेली होती आणि कारागिराने ती घसरण तिथेच एका पानाच्या नक्षीत मिसळून टाकली होती. खालून उभे राहून पाहणाऱ्याला ते कधीच दिसणार नव्हते.

हे सोने गावाला परवडतही नसे. सोन्या-रंगाचा खर्च कोरीवकामाइतका, कधी त्याहूनही जास्त येई. म्हणून कोरलेला रेताब्लो बिनरंगाचा, नुसत्या लाकडाचा उभा करत आणि गहू विकून, दाने गोळा करून, वर्षानुवर्षांनी सोन्याची सोय करत. काही ठिकाणी ती सोय कधीच झाली नाही आणि लाकूड आजही उघडे आहे. ज्यांनी पैसे भरायला सुरुवात केली त्यांच्यातल्या अनेकांनी ते सोने पाहिलेही नसेल. मला या गोष्टीचे फार वाटते.

आता बिघाड कुठून सुरू होतो ते सांगते. कास्तिल्यातल्या एका खेड्याबाहेरच्या एर्मितेत मला रेताब्लोच्या मागे शिरायला मिळाले. भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये अंग चोरून जाण्यापुरती फट. मागची बाजू म्हणजे एक वेगळेच जग. रंधा न मारलेल्या फळ्या, त्यांवर वाकसाचे घाव, सांध्यांवर सरसाने चिकटवलेले तंतूंचे पुंजके, आणि कारखान्यात सुटे केलेले भाग इथे पुन्हा जोडता यावेत म्हणून पटाशीने मारलेल्या खुणा. रेताब्लोला धरून ठेवणाऱ्या तुळया भिंतीत रोवलेल्या होत्या. त्यातल्या एका तुळईचे टोक मी बोटाने दाबले तर बोट आत गेले. वर पाहिले तर भिंतीवर पाण्याचा काळपट ओघळ. त्याच्या माथ्यावर एक कौल सरकलेले होते. खाली कोळ्याच्या जाळ्यावर फिकट पिवळा, ताजा भुसा सांडलेला. लाकूड पोखरणारा भुंगेरा आत जिवंत आहे याची ही खूण. जुनी भोके काळपट आणि कडा झिजलेली असतात. नवी एक-दोन मिलिमीटरची, धारदार कडांची आणि आतून उजळ दिसतात. त्याची अळी लाकडाच्या आत दोन-चार वर्षे मुकाट खात राहते, बाहेरून काही कळत नाही. आणि ओलसर लाकूड तिला अधिक मानवते. म्हणजे कौल सरकले, पाणी आले, लाकूड ओले राहिले, भुंगेरा वाढला, अस्तराने जागा सोडली आणि समोर संताच्या गालाचा पोपडा निघाला. समोरून पाहणारा म्हणतो, रंग गेला, रंग द्या.

किल्ली ज्यांच्याकडे होती त्या आजीबाईंना हे सगळे ठाऊक होते. म्हणाल्या, “पोरी, उत्तरेकडून पाऊस आला की तिथे गळतं. मी बादली ठेवते.” खरोखरच रेताब्लोच्या मागे पत्र्याची बादली होती, आणि पाऊस झाला की त्या स्वतः येऊन ती रिकामी करत. फुलदाण्या त्या कधी वेदीच्या लाकडावर ठेवू देत नसत. पाणी सांडून तळपट्टी कुजते म्हणून जमिनीवर ठेवायला लावत. धुक्याच्या दिवशी दार उघडत नसत, कोरडे ऊन पडले की तासभर उघडे ठेवत. कौलाबद्दल त्यांनी पुनःपुन्हा सांगितले होते. ज्यांना सांगितले त्यांनी पैसे दिलेही, पण ते समोरचे सोने उजळायला दिले. स्वच्छ केलेल्या सोन्यापुढे फोटो निघतो. बदललेल्या कौलापुढे कोण फोटो काढतो? आम्ही समोर काम करत होतो आणि मागे बादली भरत होती. त्या वेळी मला आलेला राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. रेताब्लो वाचतो तो छपरामुळे, कोरड्या भिंतीमुळे, नोंदीमुळे आणि किल्लीवाल्या माणसामुळे. रंगाचा ब्रश त्यात शेवटी येतो, आणि पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही. सुटलेला पोपडा जागच्या जागी सौम्य सरसाने बसवायचा, भुंगेरा मारायला मूर्ती हवाबंद वेष्टनात काही आठवडे नायट्रोजनमध्ये ठेवायची, धूळ मऊ ब्रशने काढायची. झिजलेले झिजलेलेच दिसू द्यायचे. हे काम नजरेत भरत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही.

उलट चांगल्या हेतूने केलेले किती नडते ते मी पाहिले आहे. सोन्याच्या वर्खावर पितळी पावडरीचा सोनेरी रंग फासणे हा सर्वांत मोठा शाप. चार-दोन वर्षे तो झळकतो, मग हिरवट काळा पडतो, आणि खालचे खरे सोने न दुखवता तो काढायला भिंगाखाली महिने जातात. जुन्या दगडी भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा हा दुसरा. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडायची, सिमेंटने ती कोंडते आणि वर चढून लाकडात शिरते. तिसरे, व्हिनेगर आणि बटाट्याच्या फोडींनी चित्र ‘साफ’ करणे. यातले काहीही कोणी दुष्टपणाने करत नाही. त्या माणसांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

‘मग उचलून संग्रहालयात का नेत नाहीत?’ असे मला वारंवार विचारतात. कधी कधी न्यावेच लागते. छप्परच कोसळले असेल, वस्ती उठून गेली असेल, तर धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाच्या, संग्रहालयात नेण्याला मीही होकार दिला आहे. पण तो शेवटचा उपाय. शतकानुशतके थंड, दमट हवेला सरावलेले लाकूड एकाएकी गरम, कोरड्या दालनात आणले की आकसते आणि अस्तर तडकते. शिवाय रेताब्लो त्या खिडकीच्या उजेडासाठी, त्या भिंतीच्या मापाने केलेला असतो. त्याच्यापुढे लोक गुडघे टेकतात. तो नेला की मागे मोकळी भिंत उरते आणि त्या गावाला तिथे जायचे कारण उरत नाही.

सोरियातल्या सान बाउदेलिओ दे बेर्लांगाचे उदाहरण यासाठी वाचण्यासारखे आहे. तिथे रेताब्लो नव्हता, भिंतींवर चित्रे होती. अकराव्या शतकातली ही एर्मिता, मधोमध एक खांब आणि त्यातून माडाच्या झावळ्यांसारख्या फुटलेल्या कमानी. भिंतींवर येशूच्या चरित्रातले प्रसंग, आणि खाली हत्ती, उंट, अस्वल, सशांच्या मागे धावणारे शिकारी कुत्रे. १९१७ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारक ठरवले. तरी १९२२ मध्ये तिच्या मालक असलेल्या गावकऱ्यांनी ती चित्रे ६५,००० पेसेतांना एका व्यापाऱ्याला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२५ मध्ये निकाल विक्रीच्या बाजूने लागला. १९२६ मध्ये चित्रे भिंतीवरून कापडावर सोलून काढली गेली आणि अमेरिकेत पोहोचली. आज ती न्यू यॉर्क, बॉस्टन, सिनसिनाटी, इंडियानापोलिस इथे विखुरलेली आहेत. उंट न्यू यॉर्कमध्ये, हत्ती माद्रिदमध्ये. कारण त्यातली सहा चित्रे १९५७ मध्ये स्पेनला मिळाली आणि ती प्रादो संग्रहालयात आहेत. ती मिळवण्यासाठी सेगोविया प्रांतातल्या फुएन्तिदुएन्या गावच्या पडक्या सान मार्तिन चर्चचा वेदीमागचा अर्धगोल भाग दगडन् दगड सुटा करून न्यू यॉर्कला पाठवावा लागला. एका खेड्याचे परत आणायला दुसऱ्या खेड्याचे द्यावे लागले. मूळ एर्मितेच्या भिंतींवर आता रंगाच्या पुसट सावल्या आहेत. विकणाऱ्या गावकऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडची वस्तू काय आहे हे त्यांना सांगायला आधी तज्ज्ञ यायला हवे होते. आला तो खरेदीदार.

आज तसे उघडपणे होऊ शकत नाही. स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्यानुसार धर्मसंस्थांकडच्या, सरकारी यादीत नोंदवलेल्या वस्तू खासगी व्यक्तीला किंवा व्यापाऱ्याला विकता वा देता येत नाहीत. पण कायदा यादीतल्या वस्तूला राखतो. ज्या रेताब्लोचा साधा फोटोही कोणी काढलेला नाही, तो चोरीला गेला तर पोलीस शोधणार काय? १९७९ च्या डिसेंबरात वेस्का प्रांतातल्या रोदा दे इसाबेना या डोंगरी गावच्या जुन्या कॅथेड्रलमधून ‘एरिक एल बेल्गा’ या कुख्यात चोराने संत रामोनची मध्ययुगीन कोरीव खुर्ची पळवली आणि तिचे तुकडे केले. खुर्ची प्रसिद्ध होती, तिचे फोटो होते, म्हणून काही तुकडे तरी ओळखून परत आणता आले. एर्मितेतल्या अनामिक देवदूताला ही सोय नाही. प्रत्येक मूर्तीचे समोरून, बाजूने, मागून फोटो, लांबी-रुंदी, भोके आणि तडे कुठे आहेत त्याची नोंद, एवढे काम दोन माणसे एका दिवसात करू शकतात. त्याला सोने लागत नाही.

माझी आपल्याला विनंती आहे. यापुढे अशी ‘आधी-नंतर’ छायाचित्रे छापाल तेव्हा सोबत तीन गोष्टी छापा: वस्तू कोणत्या शतकातली होती, तिची नोंद झाली होती का, आणि तिच्याकडे शेवटचे कोणी, केव्हा पाहिले होते. परदेशी वृत्तसंस्थांच्या मजकुरात हे नसेल तर विचारून घ्या. तिथल्या प्रांतिक वारसा खात्यांकडे आणि धर्मप्रांतांकडे विचारता येते. शिवाय ज्यांच्या हातून चूक झाली त्या वृद्ध बायकांची नावे आणि चेहरे मथळ्यात आणू नका. त्यांच्या वाट्याला जे येते ते मी जवळून पाहिले आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेक जण हल्ली स्पेनला जातात. बार्सिलोना आणि माद्रिदच्या मधल्या एखाद्या खेड्यात थांबणे झाले तर गावातल्या बारमध्ये एर्मितेची किल्ली कोणाकडे आहे ते विचारावे. बहुतेक वेळा ती मिळते. आत फ्लॅश मारू नये, लाकडाला हात लावू नये, मेणबत्ती रेताब्लोच्या जवळ लावू नये. तळपट्टीवर फिकट भुसा सांडलेला दिसला किंवा भिंतीवर ओला ओघळ दिसला तर त्याचा फोटो काढून किल्ली देणाऱ्याला दाखवावा आणि धर्मप्रांताच्या कार्यालयाला पाठवावा. बाहेरगावच्या पाहुण्याने विचारले की वर्षानुवर्षे पडून राहिलेली तक्रार हलते, हा माझा अनुभव आहे.

आपली,
लाकडी वेद्यांच्या जतनाचे काम करणारी एक वाचक